मेसचे मेंबर काही न बोलता बंद होतात, खरं कारण कसं काढून घ्यायचं?

पेठेतली_मेस

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत आमची छोटी मेस आहे. मी आणि बायको मिळून चालवतो, एक आचारी, दोन पोळीवाल्या मावशी, वाढायला दोन पोरं. मेंबर शंभरच्या आसपास, निम्म्याहून जास्त अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरंपोरी, बाकी नोकरीवाले आणि थोडे डबे जातात बाहेर.

प्रॉब्लेम असा की महिना संपला की काही जण कार्ड रिन्यूच करत नाहीत. भांडण नाही तंटा नाही, परवापर्यंत "काकू भाजी मस्त झालीय" म्हणणारा पोरगा पुढच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या मेसमधून हात पुसत बाहेर पडताना दिसतो, आणि आपल्याला बघून मोबाईलमध्ये तोंड घालतो. अरे बाबा काय चुकलं ते तरी सांग ना!

आम्ही वही ठेवली काउंटरवर, त्यात "छान", "मस्त", "घरची आठवण आली" एवढंच. भाच्याने गुगल फॉर्म करून दिला आणि क्यूआर कोड भिंतीला चिकटवला, पहिल्या आठवड्यात थोडे भरले मग कोणी बघतही नाही तिकडे. गुगलवर रिव्ह्यू आहेत पण ते एकतर पाच स्टार नाहीतर थेट एक स्टार, मधलं कोणी लिहीतच नाही. आणि जे काही कळतं ते एकमेकांच्या विरुद्ध, लातूरचा म्हणतो भाजी गोड लागते, इथला नोकरीवाला म्हणतो ॲसिडिटी होते तिखट कमी करा. आचारी म्हणतो मालक एकदा ठरवा काय ते.

तर विचारायचं हे की लोकांना खरं बोलतं कसं करायचं, आणि बोलले तर कोणाचं ऐकायचं? आणि मेव्हणा म्हणतोय की पाच स्टार देणाऱ्याला एक गुलाबजाम फ्री असा बोर्ड लाव, रेटिंग वर जाईल. करावं का?

एकेकाळचा_मेंबर

काका, मी पेठांमधल्या मेसमध्ये बरीच वर्षं जेवलोय त्यामुळे टेबलाच्या या बाजूचं सांगतो.

पोरं तोंडावर का बोलत नाहीत, तर काकू स्वतः वाढतायत, "अजून एक पोळी घे रे" म्हणतायत, त्यांच्या तोंडावर आमटी पाणचट आहे असं कोण म्हणणार? शिवाय दिवसातून दोनदा तिथंच जायचंय, उगाच वाईटपणा कशाला. वहीत तर अजिबात लिहिणार नाही कारण वही काउंटरवर तुमच्या नाकासमोर आहे आणि अक्षर ओळखू येतं. खरी चर्चा होते जेवण झाल्यावर चहाच्या टपरीवर आणि अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न तोच असतो, मेस कुठली लावू. तुमची मार्केटिंग तिथं होतेय, बरी वाईट जी काय असेल ती.

मग विचारायचं कधी? खाड्यांचा हिशेब करताना. त्या वेळी माणूस आपोआप व्यवहाराच्या मूडमध्ये असतो, तेव्हा सहज विचारायचं. आणि "जेवण कसं वाटतं" असं कधीच विचारू नका, त्याचं उत्तर जगात एकच आहे, छान. त्याऐवजी विचारा की या महिन्यात मेसचं कार्ड असताना बाहेर जेवलास असं कधी झालं, आणि त्या दिवशी काय होतं. मग बरोब्बर बाहेर येतं, "त्या दिवशी पडवळ होतं", "उशीर झाला होता, उशिरा आलं की भाजी संपलेली असते म्हणून आलोच नाही". माणसाला मत विचारलं की तो चांगला वागतो, घडलेलं विचारलं की खरं सांगतो.

सोडून गेलेल्यांना फोन करायचा तर "का सोडलं" विचारू नका, तो लगेच बचावात जातो. "आता कुठं जेवतोस, तिथं काय आवडलं" असं विचारा. त्यातच तुमचं उत्तर असतं. आणि फोन काकूंनी किंवा तुम्ही करू नका, भाच्याला करायला लावा, त्याच्या वयाच्या पोराशी ते मोकळं बोलतील.

अजून एक, सगळे बंद झालेले मेंबर जेवणामुळे गेले असं धरू नका. पूर्व परीक्षेचा निकाल लागला की निम्मी पेठ गावाला जाते, काही जण रूम बदलून कर्वेनगरला गेले, कोणाचे घरून पैसे यायचे थांबले. ही पोरं वेगळी काढा. उरतील ती खरी गेलेली.

कँटीन_चाकण

दादा मी एमआयडीसीत कंपनी कँटीनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. बोलणं सोडा, ताटं बघा. ताट खोटं बोलत नाही आणि त्याला फॉर्म भरायला पण लावावं लागत नाही.

आम्ही काय करतो, खरकटं टाकायची जागा आहे तिथं एकाच पिंपाऐवजी तीन बादल्या, पोळी, भात, भाजी-आमटी वेगळी. जेवण संपलं की तिन्ही काट्यावर ठेवून वजन वहीत, शेजारी त्या दिवशीचा मेनू आणि किती ताटं झाली ते. बस. महिनाभरात कळतं की लोक कशाला हात लावत नाहीत. ज्याला सगळे "पौष्टिक असतं, ठेवा" म्हणतात तो दुधी बादलीत जातो आणि ज्या उसळीबद्दल कोणी कौतुकाचा एक शब्द काढत नाही ती चाटूनपुसून संपते. डब्यांचं तर अजून सोपं आहे, संध्याकाळी रिकामा डबा परत आला की धुवायला टाकायच्या आधी उघडून बघायचं. कुठला कप्पा भरलेला आला, कोणाचा आला. एकाच माणसाचा भाताचा कप्पा रोज तसाच येत असेल तर त्याला भात बंद करून एक पोळी जास्त द्या, तो खूश आणि तुमचा तांदूळ वाचला.

पण वजनाच्या पुढची गोष्ट म्हणजे वेळ. आमच्याकडे भाताबद्दल सारखी तक्रार यायची, आम्ही तांदूळ बदलला, दुकानदार बदलला, तरी तेच. मग बादल्यांचं वजन दोनदा घ्यायला लागलो, पहिल्या शिफ्टनंतर एकदा आणि शेवटी एकदा. पहिल्या शिफ्टचा भात जवळपास उरतच नव्हता, शेवटच्या पंगतीचा निम्मा बादलीत. म्हणजे तांदळात काहीच खोट नव्हती, तो पातेल्यात झाकून तासनतास बसत होता आणि खालून गोळा होत होता. आता भात दोन घाण्यांत लावतो. सांगायचा मुद्दा असा की तुमच्याकडे बाराला जेवणारा आणि अडीचला जेवणारा हे दोघं एकाच मेसमध्ये जेवतच नाहीयेत. प्रत्येक तक्रारीपुढे किती वाजता जेवला ते लिहा, निम्मा गुंता तिथंच सुटेल.

आकडे_बघतो

कँटीनवाल्या दादांचं मस्त आहे. मी आयटीत प्रॉडक्टचं काम करतो, आमच्याकडे एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर, वापरतात. फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधून मांडलं होतं. एकच प्रश्न, तुम्ही ही मेस मित्राला सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा. ९-१० वाले तुमचे प्रचारक, ७-८ वाले तटस्थ, ० ते ६ नाराज. प्रचारकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की स्कोअर. दर महिन्याला ट्रॅक करा, वर जातोय की खाली लगेच कळेल.

गाडी_सर्व्हिसिंग_पीडित

अहो कशाला त्या मेसवाल्या माणसाला स्कोअरच्या नादाला लावताय. मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली की पोरगा चावी देताना हात जोडून म्हणतो, "सर कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहाच सांगा, नऊ सांगितलं तरी आमचं कापतात." मी दहा सांगतो. गाडीचा आवाज मात्र तसाच. तिथं वर बसलेल्या साहेबाला वाटत असेल काय सुंदर सर्व्हिस चाललीय.

आणि वीस जणांनी फॉर्म भरला, त्यातला एक जण नऊवरून सहावर आला तर तुमचा स्कोअर एका झटक्यात दहाने पडणार. त्या दिवशी त्या पोराचा मॉक टेस्टचा पेपर खराब गेला असेल, आणि इकडे काका रात्रभर जागे.

आकडे_बघतो

वीस जणांचा मुद्दा मान्य, एवढ्या छोट्या धंद्यात तो आकडा उड्या मारतो. पण त्या प्रश्नाच्या मागे "हा आकडा का दिला" असा दुसरा प्रश्न असतो, माल तिथं मिळतो. आकडा नका मोजू, कारण वाचा.

स्कोअरपेक्षा कामाची एक गोष्ट सांगतो. नोरिआकी कानो म्हणून जपानी प्राध्यापक, त्यांनी १९८४ मध्ये मांडलं की गिऱ्हाईकाच्या अपेक्षा सगळ्या एका जातीच्या नसतात. काही गोष्टी असल्या तर कोणी कौतुक करत नाही पण नसल्या की माणूस जातो, मेसमध्ये म्हणजे स्वच्छ ताट, गरम पोळी, पिण्याचं पाणी. काही जेवढ्या जास्त तेवढा आनंद जास्त, उदाहरणार्थ भाज्यांची व्हरायटी. आणि काही नसल्या तरी चालतात पण असल्या की माणूस चार जणांना सांगतो, जसं चतुर्थीला न सांगता साबुदाण्याची खिचडी. वहीत जे "मस्त" लिहितात ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल, आणि सोडून जातात ते पहिल्या प्रकारामुळे. म्हणून तुम्हाला वाटतंय की कौतुक करणारा माणूस कसा गेला. खिचडी खरंच आवडली होती त्याला, गेला तो थंड पोळीमुळे.

पेठेतली_मेस

सगळ्यांचे आभार, वाचून डोक्यात प्रकाश पडतोय. भाच्याला सोडून गेलेल्यांची यादी दिली. गावाला गेलेले, रूम बदललेले वेगळे काढले तर खरे गेलेले आम्हाला वाटत होते त्यापेक्षा कमीच निघाले, हे ऐकून बायकोला आधी हायसं वाटलं. पण जे उरले त्यातले बहुतेक दुपारी दोननंतर येणारे, अभ्यासिकेतून उशिरा उठणारे! पोळी थंड आणि वातड, सुकी भाजी संपलेली म्हणून नुसत्या रश्शावर भागवायचं. दोघं जण म्हणाले की रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि तेव्हा बाहेर खायचे पैसे होतात. बादल्या पण ठेवल्यात.

पण चवीचं काय करायचं? ते भांडण तसंच आहे. गूळ घालू की नको, तिखट किती?

भरीत_आणि_कळण्याची_भाकरी

दादा मी जळगावकडची, नाशिकला ऑफिसचे डबे करते, या भांडणातून गेलेय.

पहिलं म्हणजे मधली चव शोधू नका. थोडा गूळ, थोडं तिखट असं करायला गेलात तर लातूरवाल्याला ते गोडच लागणार आणि इथल्याला तिखटच, दोघंही नाराज आणि आचारी वेडा. कोण कुठला आहे ते कार्ड करतानाच विचारा, गाव लिहून घ्या, त्यात काय लपवायचंय. मराठवाडा, खानदेश, विदर्भाची पोरं किती ते मोजा. तुमच्याकडे तीच जास्त असणार, मग मूळ भाजी-आमटी गुळाशिवाय करा. गूळ वरून घालता येतो ना, घातलेला काढता येत नाही. ज्याला हवं त्याला वाटीत थोडा गूळ चिरून ठेवा.

आणि तिखटाचं, टेबलावर ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि आठवड्यातून दोन दिवस काळ्या मसाल्याची तर्री वेगळ्या भांड्यात. मूळ भाजी बेताची ठेवायची. ज्याला झणझणीत हवं तो ओतून घेतो, ॲसिडिटीवाल्याचं ताट वाचतं. ठेच्याला खर्च तो काय, मिरची, लसूण, मीठ. माझ्याकडे तर्री सुरू केल्यापासून चवीवरून फोन यायचे जवळजवळ थांबलेत. आता लोक फक्त एवढंच विचारतात की आज तर्रीचा दिवस आहे का.

हिशेबाचं_बोला

सगळं ठीक आहे पण एक जुना मेसवाला म्हणून बोलतो, जो जो जे मागेल ते देत सुटलात तर सहा महिन्यांत शटर खाली. लोकांना विचारलं की ते आठवड्यातून दोनदा पनीर, रोज ताक, रविवारी रात्री पण चालू, आणि दर तोच किंवा कमी असंच सांगणार. त्यांचं काय जातंय सांगायला!

तक्रार आणि हौस वेगळी ठेवा. पोळी थंड मिळाली ही तक्रार, त्याचे पैसे त्याने भरलेत, ती सुधारलीच पाहिजे. पनीर पाहिजे ही हौस, ती गेस्ट थाळीत किंवा जादा पैसे घेऊन द्या. रविवार संध्याकाळ चालू ठेवायची म्हणजे मावशींची सुट्टी जाणार, त्याचा पगार कोण देणार? दोन जण मागतायत म्हणून नको. फार तर व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी पोल टाका, रविवारी रात्री इतक्या रुपयांत मसालेभात-कढी पार्सल कोणाला हवंय, आणि नाव लिहिणाऱ्याने पैसे आधी पाठवायचे. बघा किती जण राहतात. मागणं आणि पैसे पाठवणं यात लई अंतर असतं.

आणि दर परवडतो का हे कधीही फॉर्ममध्ये विचारू नका. जगात कोणी "हो, अजून वाढवा" असं लिहिलेलं मला माहीत नाही.

रिव्ह्यू_वाचून_जेवणारा

मेव्हण्याच्या गुलाबजामचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. ते करू नका. गुगलच्या नियमात रिव्ह्यूच्या बदल्यात फुकट वस्तू किंवा सूट देणं चालत नाही, आणि खूश असलेल्यांनाच तेवढं लिहायला सांगणं पण चालत नाही. त्यांना कळलं तर रिव्ह्यू उडवतात. भारतीय मानक ब्युरोने पण नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलंय. आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं आणि मुख्यतः रिव्ह्यू छापणाऱ्या वेबसाइटांसाठी आहे, पण त्यातही पैसे किंवा बक्षीस देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू बसत नाहीत. आणि नियम सोडा, बाहेर बोर्ड लावलात तर माझ्यासारखा माणूस तो बोर्ड बघूनच पाच स्टारवरचा विश्वास सोडतो.

त्यापेक्षा एक स्टारवाल्यांना उत्तर द्या. उत्तर त्या माणसासाठी नसतं, पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतं. "तुम्ही खोटं बोलताय, आमच्याकडे असं होतच नाही" किंवा "प्रतिस्पर्ध्याने पाठवलाय" हे दिसलं की मी पुढच्या मेसकडे वळतो. साधं लिहा, "उशिरा येणाऱ्यांना पोळी थंड मिळत होती हे खरंय, आता दोननंतर पोळ्या परत लाटतो, येऊन बघा." पण खरंच करत असाल तरच लिहा हां. आणि जमलं तर काउंटरवर तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लावा, तक्रार असेल तर यावर व्हॉट्सॲप करा म्हणून. माणसाला बोलायला जवळची जागा मिळाली की तो गुगलवर कमी जातो. तुमचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, नंबर बिलावर आहे ना? १ जानेवारी २०२२ पासून बिलावर लागतोच, नसेल तर आधी ते करा, कारण पोटात बिघाड झालेला माणूस त्या नंबरावरून थेट तिकडे तक्रार टाकू शकतो.

एकेकाळचा_मेंबर

वरच्यात एक ॲड करतो. काका, काही बदललं की सांगा लोकांना. हात धुवायच्या बेसिनवर एक पांढरा बोर्ड लावा, "तुम्ही सांगितलं, आम्ही केलं", खाली या आठवड्यात काय केलं ते एका ओळीत. आणि जे करणार नाही ते पण लिहा, "पनीर दोनदा जमणार नाही, दर वाढवावा लागेल." पोरं नाही ऐकून घेतात, फक्त आपलं म्हणणं कुठं गेलं ते कळायला पाहिजे. एकदा बोर्डवर आपली सूचना दिसली की तोच पोरगा दुसऱ्यांदा सांगायला येतो. आणि एका वेळी एकच बदल करा, तांदूळ, मसाला, आचारी सगळं एका आठवड्यात बदललं तर बादलीतलं वजन कशाने कमी झालं ते कोणाला कळणार.

पेठेतली_मेस

गुलाबजाम कॅन्सल, मेव्हण्याला हा धागाच पाठवला. बोर्ड आणलाय. ठेचा सोमवारपासून ठेवतोय, गूळ वेगळा. रविवारचा पोल टाकून बघतो, पैसे आधी ही अट आवडली.

एकच अडकलंय. दोननंतर गरम पोळी द्यायची म्हटल्यावर मावशी भडकल्या. मी त्यांना सांगितलं की पोळ्या वातड होतात असं पोरं म्हणतायत, तर त्या म्हणाल्या वीस वर्षं पोळ्या लाटतेय मला कोणी नाव ठेवलं नाही, उद्यापासून येत नाही. कसंबसं समजावलं. आता त्यांना काय आणि कसं सांगू?

कँटीन_चाकण

दादा "पोरं म्हणतायत" असं सांगूच नका, ते त्यांना शिवी दिल्यासारखं लागतं. पोळी त्यांची चांगलीच आहे, डब्यात दोन तास राहिली की कोणाचीही वातड होणार. त्यांना बादली दाखवा, बाराचं वजन आणि अडीचचं वजन शेजारी शेजारी ठेवून, आणि विचारा की मावशी हे कसं कमी करायचं, तुम्हीच सांगा. आमच्याकडे तोडगा मावशींनीच काढला होता, अर्धी कणीक सकाळी भिजवायची, अर्धी एक वाजता, आणि दोघींपैकी एकजण सकाळी उशिरा येऊन उशिरा जाते, आठवड्याने पाळी बदलते. कामाचे तास तेवढेच राहिले. एकीला तर ते सोयीचंच झालं, सकाळी पोराला शाळेत सोडून येता येतं. तुमच्या दोघींना आधी घरच्या वेळा विचारा, मग ठरवा कोण उशिरा येईल ते.